ब्रेक्झिटचं नुकसान नेमकं मोजतात कसं?

ब्रेक्झिटचा विषय निघाला की आपल्याकडे दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणजे ब्रिटन बुडालं, संपलं. दुसरं म्हणजे काही झालेलं नाही हो, लंडन आहे तिथेच आहे, दुकानं चालू आहेत, आपली पोरं तिकडे शिकायला जातायतच की. आणि दोन्हीकडचे लोक आकडे फेकतात, कुणी ४ टक्के नुकसान म्हणतं, कुणी ८ टक्के. पण हे टक्के कशाच्या तुलनेत ते कुणीच सांगत नाही. कारण सरळ बघायला गेलं तर ब्रिटनची अर्थव्यवस्था २०१६ मध्ये होती त्यापेक्षा आज मोठीच आहे, मग नुकसान कसलं?

नुकसान आहे ते न झालेल्या वाढीचं. म्हणजे युरोपियन युनियनमध्येच राहिलं असतं तर ब्रिटन आज जिथे असतं तिथून आत्ताचं ब्रिटन किती मागे आहे, हे मोजायचं. आता जे घडलंच नाही ते मोजायचं कसं? अर्थशास्त्रातला मला सगळ्यात भारी वाटणारा प्रश्न हाच आहे, आणि ब्रेक्झिटइतकं चांगलं उदाहरण त्याला दुसरं मिळणार नाही.

आधी तारखा बघू, कारण त्यांच्यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. २३ जून २०१६ ला सार्वमत झालं, ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडायच्या बाजूने मत दिलं. प्रत्यक्षात ब्रिटन बाहेर पडलं ३१ जानेवारी २०२० ला, आणि तरीही डिसेंबर २०२० च्या शेवटापर्यंत व्यापाराचे नियम जुनेच चालू होते. म्हणजे मतदान आणि सीमेवर खरोखर काही बदलणं यात साडेचार वर्षं गेली. पण किंमत मोजणं सुरू झालं ते मतदानाच्या रात्रीच. निकाल यायला लागले तसा पौंड एका रात्रीत साधारण दीड डॉलरवरून १.३२ च्या आसपास घसरला, १९८५ नंतर इतका खाली तो कधीच गेला नव्हता. आणि ब्रिटन तर खाण्यापिण्यापासून गाड्यांच्या पार्ट्सपर्यंत ढीगभर गोष्टी बाहेरून आणतं, त्यामुळे पौंड पडला की आयात महाग होते आणि हळूहळू ते दुकानातल्या किमतीत उतरतं. अर्थशास्त्रज्ञांनी यावर अभ्यास केला तेव्हा जून २०१८ पर्यंत या एका कारणाने किमती २.९ टक्क्यांनी वाढल्या असं निघालं, म्हणजे सरासरी कुटुंबामागे वर्षाला ८७० पौंड. अजून एकही नियम बदललेला नव्हता, एकही ट्रक सीमेवर अडला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट!

मग जीडीपीचं काय? इथे एक फार सुंदर युक्ती वापरतात. औषधाची चाचणी करताना एका गटाला औषध देतात, दुसऱ्याला देत नाहीत आणि फरक बघतात. देशाच्या बाबतीत तसं करता येत नाही, ब्रिटन एकच आहे. म्हणून कागदावर दुसरं ब्रिटन तयार करतात. ही पद्धत आल्बेर्तो आबादी आणि हावियेर गार्देआसाबाल यांनी २००३ मध्ये मांडली, स्पेनच्या बास्क प्रांतात दहशतवादामुळे किती आर्थिक नुकसान झालं ते काढायला. त्यांनी स्पेनच्याच इतर भागांचं योग्य प्रमाणात मिश्रण करून दहशतवाद नसलेला एक काल्पनिक बास्क प्रांत बनवला आणि खऱ्याची तुलना त्याच्याशी केली, तर खऱ्या बास्कचं दरडोई उत्पन्न साधारण १० टक्क्यांनी मागे पडलेलं दिसलं.

ब्रिटनसाठीही तेच. अमेरिका, जर्मनी, न्यूझीलंड असे देश घ्यायचे, प्रत्येकाला थोडं थोडं वजन द्यायचं, आणि ही वजनं अशी बसवायची की २०१६ च्या आधीच्या सगळ्या वर्षांत या मिश्रणाचा आलेख ब्रिटनच्या आलेखाला चिकटून चालला पाहिजे. मंदी आली की दोघं खाली, सावरलं की दोघं वर. इतका जुळा आलेख मिळाला की मग तो जून २०१६ च्या पुढे जाऊ द्यायचा आणि बघायचं दोघांची फारकत कुठे होते. बॉर्न, म्युलर, शुलारिक आणि सेडलाचेक या चार अर्थशास्त्रज्ञांनी हे केलं तेव्हा २०१८ च्या शेवटी ब्रिटन आपल्या जुळ्यापेक्षा १.७ ते २.५ टक्के मागे होतं. जॉन स्प्रिंगफर्ड या अर्थशास्त्रज्ञाने याच पद्धतीने २०२२ च्या मध्यापर्यंतचं काढलं तर ५.५ टक्के आलं.

यावर लगेच आक्षेप आले आणि ते आलेच पाहिजेत. मध्ये कोविड आला, मग युक्रेनचं युद्ध आणि गॅसचे भाव, प्रत्येक देशाला हे वेगवेगळं लागलं. त्यात मिश्रणात अमेरिकेचं वजन जास्त असेल आणि अमेरिका टेक कंपन्यांच्या जोरावर जोरात वाढली असेल तर ब्रिटन आपोआपच मागे पडलेलं दिसणार, त्याचं खापर ब्रेक्झिटवर कसं फोडायचं? हा मुद्दा मला पूर्ण पटतो.

म्हणूनच नोव्हेंबर २०२५ मध्ये अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा जो अभ्यास आला तो मला महत्त्वाचा वाटतो. बँक ऑफ इंग्लंडने सार्वमतानंतर लगेच, ऑगस्ट २०१६ पासून, दोन विद्यापीठांच्या मदतीने कंपन्यांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना नियमित प्रश्न विचारायला सुरुवात केली होती. त्यामुळे देशाची तुलना देशाशी करण्यासोबतच कंपनीची तुलना कंपनीशी करता आली. एक कंपनी जिचा बराचसा धंदा युरोपशी होता आणि दुसरी जिचा युरोपशी फारसा संबंध नव्हता. दोघींचा देश एक, कोविड तोच, सरकार तेच, गॅसचे भाव तेच. आणि तरी पहिली मागे पडली असेल तर कारण शोधायला लांब जावं लागत नाही. दोन्ही पद्धतींचा मिळून अंदाज असा की २०२५ पर्यंत ब्रिटनचा जीडीपी ६ ते ८ टक्के कमी भरला, गुंतवणूक १२ ते १८ टक्के कमी, रोजगार आणि उत्पादकता प्रत्येकी ३ ते ४ टक्के कमी. यात गुंतवणुकीचा आकडा मला सगळ्यात जास्त टोचतो. नियम काय असतील हेच साडेचार वर्षं माहीत नसेल तर नवीन मशीन कोण घेईल, नवीन शेड कोण बांधेल? कंपनी बंद पडत नाही, कुणाला काढत नाही, फक्त थांबते. आणि थांबलेल्या गोष्टीची बातमी होत नाही.

इथे दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. सार्वमताच्या आधी ब्रिटनच्या अर्थखात्याने भाकीत केलं होतं की बाहेर पडायचं ठरलं तर लगेच मंदी येईल आणि पाचेक लाख लोक बेकार होतील. तसं काहीही झालं नाही, उलट बेकारी कमी झाली. लोकांचा तज्ज्ञांवरचा विश्वास उडाला तो यामुळेच आणि त्यात लोकांची काही चूक नव्हती. घाव एकदम बसेल असं सांगितलं गेलं, प्रत्यक्षात झीज झाली, आणि ती दहा वर्षं चालू राहिली. ब्लूम यांच्या अभ्यासातही हेच निघालंय की तज्ज्ञांचे जुने अंदाज पाच वर्षांपर्यंत ठीक होते, दहा वर्षांसाठी मात्र नुकसान त्यांनी कमी धरलं होतं.

आता सीमेवर जाऊ, कारण ही झीज होते कशी ते तिथेच दिसतं. ब्रिटन आणि युरोपियन युनियनमधला व्यापार करार २४ डिसेंबर २०२० ला ठरला, त्यात मालावर कर शून्य, कोटाही नाही. मग अडतं कुठे? पहिलं म्हणजे शून्य कर फक्त त्या मालाला जो खरोखर ब्रिटनमध्ये किंवा युनियनमध्ये बनलाय, आणि ते कागदावर सिद्ध करावं लागतं. जानेवारी २०२१ मध्ये मार्क्स अँड स्पेन्सरच्या पर्सी पिग नावाच्या गोळ्यांचं उदाहरण तिकडे खूप गाजलं. गोळ्या बनतात जर्मनीत, येतात ब्रिटनमध्ये, तिथून त्याच कंपनीच्या आयर्लंडमधल्या दुकानात जातात. जर्मनी युनियनमध्ये, आयर्लंडही युनियनमध्ये, पण मध्ये ब्रिटनच्या गोदामात मुक्काम झाला म्हणून आयर्लंडमध्ये शिरताना कर लागू व्हायची वेळ आली, कारण ब्रिटनमध्ये त्या गोळीवर काही प्रक्रियाच होत नाही.

दुसरं म्हणजे मांस, मासे, चीज असल्या मालाला सरकारमान्य पशुवैद्यकाच्या किंवा तशा अधिकाऱ्याच्या सहीचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. स्कॉटलंडचे मच्छीमार लँगुस्टिन नावाची मोठ्या कोळंबीसारखी जात पकडतात आणि ती जिवंत किंवा ताजी फ्रान्स, स्पेनला जाते. आधी संध्याकाळी भरलेला ट्रक दुसऱ्या दिवशी तिकडच्या बाजारात. जानेवारी २०२१ मध्ये एकाच ट्रकमध्ये अनेक छोट्या व्यापाऱ्यांचा माल असायचा आणि त्यातल्या एकाच्या कागदात चूक निघाली की अख्खा ट्रक उभा. माल ताजा राहीना, भाव पडले, आणि १८ जानेवारीला हे लोक ट्रक घेऊन थेट लंडनला पंतप्रधानांच्या ऑफिसपाशी निषेध करायला आले. कोकणात मासळीचा धंदा जवळून बघितलेल्या कुणालाही कळेल की एक दिवसाचा उशीर म्हणजे काय असतो.

आणि यातलं सगळ्यात महत्त्वाचं गणित म्हणजे कागदाचा खर्च मालाच्या वजनाप्रमाणे बदलत नाही, वीस टन पाठवा नाहीतर वीस किलो, फॉर्म तोच, सही तीच, एजंटची फीसुद्धा जवळपास तेवढीच. मोठी कंपनी त्यासाठी चार माणसं ठेवते आणि पुढे जाते, आठवड्याला दोन खोकी चीज पाठवणारा छोटा उद्योजक हिशोब करतो आणि युरोपचं गिऱ्हाईक सोडून देतो. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासकांनी कंपनीनिहाय आकडे तपासले तेव्हा साधारण १६,४०० कंपन्यांनी युनियनला माल पाठवणं बंदच केल्याचं दिसलं, आधी पाठवणाऱ्यांपैकी जवळपास १४ टक्के. मोठ्या कंपन्यांच्या निर्यातीवर मात्र फारसा परिणाम दिसला नाही. तिथल्याच संशोधकांनी येणाऱ्या मालाचंही बघितलं, तर मार्च २०२३ पर्यंत ब्रेक्झिटमुळे वाढलेल्या खाद्यपदार्थांच्या खर्चापायी कुटुंबामागे साधारण २५० पौंड जादा गेले होते. गरीब घराच्या खर्चात खाण्याचा वाटा मोठा, त्यामुळे त्यांनाच हे जास्त लागलं, आणि ज्या भागांतून बदलाच्या आशेने बाहेर पडायला मतं मिळाली त्यातले बरेच भाग आधीच मागे पडलेले होते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

सगळंच वाईट झालं असंही नाही. लंडनच्या बँकांना युनियनभर धंदा करायची जी आपोआप परवानगी होती ती गेली, जानेवारी २०२१ मध्ये युरोपातल्या शेअरच्या रोजच्या उलाढालीत अॅमस्टरडॅम लंडनच्या पुढे गेलं, पण कन्सल्टिंग, वकिली, सॉफ्टवेअर अशा सेवांची ब्रिटनची निर्यात चांगली वाढली, कारण या गोष्टी ट्रकमधून जात नाहीत. युरोपातून येणारे कामगार कमी झाले तसे युरोपाबाहेरचे वाढले, त्यात भारतीय बरेच. २०२१ मध्ये शिक्षणानंतर दोन वर्षं थांबून काम करायचा व्हिसा पुन्हा सुरू झाला, पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांना ब्रेक्झिटनंतरचं ब्रिटन माहीत आहे ते त्याच रस्त्याने.

मग युरोप गेला तर बाकीचं जग आहे की, भारत आहे, ऑस्ट्रेलिया आहे, हा मुद्दा राहतोच. अर्थशास्त्रज्ञ यान टिनबर्गेन यांनी १९६२ मध्ये दाखवून दिलं होतं की दोन देशांतला व्यापार त्यांच्या अर्थव्यवस्थांच्या आकाराप्रमाणे वाढतो आणि अंतराप्रमाणे कमी होतो, न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणासारखंच. इंटरनेट आलं, विमानं स्वस्त झाली, तरी हा नियम अजून मोडलेला नाही. ऑस्ट्रेलियाशी केलेल्या कराराने दीर्घकाळात ब्रिटनचा जीडीपी ०.०८ टक्क्यांनी वाढेल असा ब्रिटिश सरकारचाच अंदाज आहे. भारताशी २४ जुलै २०२५ ला करार झाला, आपल्याकडे त्याची केवढी चर्चा झाली, त्याचाही अंदाज वर्षाला ४.८ अब्ज पौंड म्हणजे जीडीपीच्या ०.१ टक्क्याच्या आसपास. आणि युरोपपासून दूर गेल्यामुळे दीर्घकाळात उत्पादकता ४ टक्क्यांनी कमी राहील, हा त्यांच्याच स्वतंत्र अर्थसंकल्पीय संस्थेचा, ओबीआरचा अंदाज. असे किती करार केले म्हणजे ही दरी भरेल याचा हिशोब कुणीही करू शकतो.

आपल्याकडे याचा थेट संबंध येतो तो नाशिक-सांगलीच्या द्राक्षांत. कंटेनर युनियनमधल्या नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरातही जातात आणि ब्रिटनलाही. पूर्वी कीटकनाशकाचा अंश किती चालतो याची दोघांची मिळून एकच यादी होती, आता ब्रिटनची वेगळी आणि युनियनची वेगळी, आणि त्या वेगवेगळ्या वेळी बदलतात, त्यामुळे निर्यातदाराला दोन्हींकडे लक्ष ठेवावं लागतं. मे २०२५ मध्ये लंडनला ब्रिटन आणि युनियनची बैठक झाली त्यात अन्न, प्राणी आणि वनस्पतींचे नियम पुन्हा जुळवून घ्यायचं तत्त्वतः ठरलं. ते प्रत्यक्षात आलं तर स्कॉटलंडच्या कोळंबीचं प्रमाणपत्र सुटेल आणि द्राक्षवाल्यालाही बहुतेक पुन्हा एकच यादी बघावी लागेल. फक्त त्यासाठी ब्रिटनला युनियनचे नियम जसे बदलतील तसे पाळत राहावे लागतील, आणि ते नियम ठरतात त्या टेबलावर मत द्यायचा अधिकार मात्र ब्रिटनने २०२० मध्येच सोडलाय.