मिरी आणि मोहरीचा वंश

स्कॉटलंडच्या दक्षिणेला, इंग्लंडच्या सीमेलगतच्या डोंगराळ मुलखात हिंडली नावाच्या शेतावर जेम्स डेव्हिडसन राहायचा. १८२० साली तो वारला. अखेरच्या आजारात अंथरुणाला खिळलेला असताना एकदा बाहेर शिकारी कुत्र्यांचा गलका उठला. समोरच एक खोकड उठलं होतं. डेव्हिडसनचे डोळे चमकले. ऐकेचना; मोठ्या कष्टानं उठून खिडकीशी गेला आणि तो पाठलाग त्यानं मनसोक्त पाहिला. नंतर विचारपूस करायला आलेल्या माणसाला म्हणाला, खोकड दिसलं, त्याचा शेवट तेवढा दिसला नाही. पण खिडकीपर्यंत पोहोचलो, फार बरं वाटलं.

या माणसाकडे टेरिअर कुत्री होती आणि त्या सगळ्यांना मिळून नावं दोनच. राखाडी रंगाचा असेल तर पेपर, म्हणजे मिरी. पिवळसर तांबूस असेल तर मस्टर्ड, म्हणजे मोहरी. मग थोरली मिरी, धाकटी मिरी, थोरली मोहरी, असं चालायचं. १८१५ साली वॉल्टर स्कॉटची ‘गाय मॅनरिंग’ ही कादंबरी आली. तिच्यात डॅन्डी डिनमॉन्ट नावाचा एक रांगडा, दिलदार शेतकरी आहे आणि त्याच्याही कुत्र्यांची नावं हीच. लोकांनी लगेच ओळखलं. डेव्हिडसनला सगळे डॅन्डी डिनमॉन्ट म्हणू लागले आणि त्याच्या कुत्र्यांना डॅन्डी डिनमॉन्टचे टेरिअर. एका काल्पनिक माणसाचं नाव खऱ्याखुऱ्या जनावराला कायमचं चिकटलं.

कुत्री मात्र कादंबरीपेक्षा जुनी. टेरिअर हा शब्दच मुळात जमीन या अर्थाच्या लॅटिन ‘टेरा’वरून आला आहे. बिळात शिरायचं आणि आत दडलेल्या जनावराला भिडायचं, हे या कुत्र्यांचं काम. स्कॉटचा शेतकरी आपल्या पिल्लांना आधी उंदरांवर सोडतो, मग वीझलसारख्या चपळ शिकारी प्राण्यांवर, आणि ती तयार झाली की खोकड आणि बॅजरवर. बॅजर हे हलकं प्रकरण नव्हे. बळकट जबडा, लांब नखं, आणि लढाई त्याच्याच घरात, अंधारात. पाणमांजरांच्या शिकारीलाही हेच कुत्रे नेत.

या जातीच्या कुत्र्याला थोडक्यात डॅन्डीच म्हणतात. त्याचं शरीर पाहिलं की हे काम डोळ्यांपुढे उभं राहतं. खांद्यापाशी उंची जेमतेम २० ते २८ सेंटिमीटर, वजन मात्र ८ ते ११ किलो. अंग लांब आणि लवचीक, कमरेपाशी हलकी कमान. पुढचे पाय मागच्यांपेक्षा थोडे आखूड, डोकं आणि दात शरीराच्या मानानं मोठे. अंगावर राठ आणि मऊ केस मिसळलेले, त्यात राठ केस सुमारे दोन तृतीयांश. डोक्यावर रेशमी झुपका, त्याखाली मोठे काळेभोर डोळे. आवाज असा खर्जातला, की दाराआड उभ्या माणसाला वाटावं, आत कुणी दांडगा कुत्रा आहे.

आता ते आखूड पाय. हाडाच्या टोकाशी कूर्चेचा एक थर असतो. तो वाढत राहतो तोवर हाड लांबतं. या वाढीला आवर घालणाऱ्या संदेशांमध्ये ‘एफजीएफ-४’ हे प्रथिन येतं. कुत्र्यांच्या पूर्वजांमध्ये कधीतरी हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकाची एक जादा नक्कल तयार झाली आणि अठराव्या गुणसूत्रावर भलत्याच जागी जाऊन बसली. ती नक्कल कशाची, यात खरी गंमत आहे. पेशी जनुकाचा मजकूर आरएनए नावाच्या रेणूवर उतरवून घेते आणि मधले बिनकामाचे तुकडे कापून टाकते. तो कापून नीट केलेला मजकूर परत डीएनएमध्ये लिहिला गेला. या जादा प्रतीमुळे नको तिथे संदेश जातो आणि पायांची लांब हाडं लवकर वाढायची थांबतात. अमेरिकेतल्या संशोधकांनी २००९ मध्ये हे दाखवून दिलं. आखूड पायांच्या किमान १९ जातींमध्ये हाच बदल सापडला. आपल्याकडे सोसायटीच्या आवारात डुलत चालणारा डॅशहंड घ्या, वेल्श कॉर्गी घ्या किंवा डॅन्डी; दिसायला सगळे वेगळे, पण पायांची गोष्ट एकच, एकाच प्राचीन घटनेतून आलेली. मला ही गोष्ट कादंबरीपेक्षाही अद्भुत वाटते.

१८७५ मध्ये सेलकर्क गावात या जातीचा क्लब स्थापन झाला, कुत्र्यांच्या जातींसाठी असलेल्या जगातल्या सर्वांत जुन्या क्लबांपैकी एक. त्याच गावाजवळच्या हेनिंग इस्टेटीत १८४२ साली ओल्ड जिंजर नावाचा कुत्रा जन्मला होता. आजच्या डॅन्डींच्या वंशावळी मागे नेत गेलं की त्या त्याच्यापाशी पोहोचतात.

आणि चिंता इथेच आहे. ब्रिटनच्या केनेल क्लबमध्ये वर्षाला ३०० पेक्षा कमी पिल्लांची नोंद होणाऱ्या देशी जाती ‘धोक्यात’ धरल्या जातात. डॅन्डी त्या यादीत आहे. कुत्री थोडी, त्यात बहुतेक एकमेकांची नातलग, म्हणजे एखादा दडलेला दोष आई आणि बाप दोघांकडून पिल्लात येण्याची शक्यता वाढते. या जातीला काचबिंदूचा त्रास होतो. डोळ्याच्या आतला पाण्यासारखा द्रव ज्या बारीक कोनातून बाहेर पडतो, तो कोन अरुंद असला की आतला दाब वाढतो, डोळा दुखतो आणि दृष्टी जाते. म्हणून जोडी जुळवण्याआधी पशुवैद्याकडून भिंगानं तो कोन तपासून घेतात. कोन अरुंद निघाला तर त्या कुत्र्याची पिल्लं न घेणं हेच बरोबर. पण असा प्रत्येक कुत्रा बाजूला काढला की आधीच लहान असलेला कळप आणखी लहान होतो. तपासणीचा कागद हातात घेऊन डॅन्डी पाळणाऱ्यांना दर वेळी हाच हिशेब मांडावा लागतो.