कळशी भरताना चढणारा स्वर

नळाखाली कळशी लावून पाठ फिरवली तरी ती भरत आल्याचं कानाला कळतं. पाणी वर येतं तशी आतली हवेची पोकळी आखूड होते आणि स्वर चढतो. चिलीतल्या व्हियारिका ज्वालामुखीनं हेच केलं. तिथे पाण्याच्या जागी लाव्हा होता आणि स्वर इतका खालचा की माणसाला ऐकूच येत नाही.

३ मार्च २०१५ च्या पहाटे व्हियारिकाच्या तोंडातून लाव्हाचं कारंजं एक किलोमीटरहून उंच उडालं. त्याआधीच्या काही दिवसांत विवरातून येणाऱ्या अवश्राव्य ध्वनीची, म्हणजे २० हर्ट्झखालच्या ध्वनीची, वारंवारता ०.७ वरून ०.९५ हर्ट्झपर्यंत चढली होती.

तळाशी बंद आणि वर उघड्या नळीत मूळ अनुनादाची, म्हणजे पोकळी सगळ्यात खालच्या स्वरात घुमते त्या लाटेची, तरंगलांबी नळीच्या चौपट असते. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला तर ०.७ हर्ट्झला पोकळीची खोली १२१ मीटर येते, ०.९५ ला ८९ मीटर. म्हणजे लाव्हा सुमारे ३२ मीटर वर आला.

इथे एक शंका रास्त आहे. वायू तापला की ध्वनीचा वेग वाढतो, मग खोली तीच राहूनही स्वर चढेल. पण वेग निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. सगळा बदल उष्णतेच्या माथी मारायचा तर विवरातली अख्खी हवा १५ अंशांवरून जवळपास २६० अंश सेल्सिअसपर्यंत तापायला हवी. शिवाय दुसरा पुरावा आहे तो अवमंदनाचा, म्हणजे घुमणं लवकर विझण्याचा. विवर वरच्या बाजूला कर्ण्यासारखं रुंद होत जातं. लाव्हा खोल असताना लाट आतल्या आत परतत राहते आणि घंटेसारखी घुमते. लाव्हा कर्ण्याच्या रुंद भागापाशी पोचला की ऊर्जा सरळ बाहेर निसटते आणि घुमणं लवकर विझतं. नुसत्या तापमानानं हे असं होत नाही. कर्ण्यामुळे चौपटीचं सूत्रही ढोबळच उरतं; नेमकी खोली काढायला विवराचा खरा आकार संगणकात घालावा लागतो.

काही किलोमीटरवर ही लाट जेमतेम काही पास्कलची (पास्कल हे दाबाचं एकक) असते. ती टिपणारा दाबाचा मापक जमिनीवरून एक मीटर वर उचललात तरी दाब १२ पास्कलनं उतरतो! म्हणून मापकाचं एक तोंड हवेत उघडं ठेवतात आणि दुसरं एका बंद डबीत. डबीला केसाएवढी बारीक गळती ठेवलेली असते, त्यामुळे हवामानाचे संथ बदल दोन्हीकडे सारखे होतात. ही गळती बुजली तर मापक एका टोकाला जाऊन अडकतो; मोठी झाली तर हव्या त्याच मंद लाटा हरवतात.

खरा शत्रू वारा. त्यावर उपाय म्हणून शेतात वापरतात तसल्या पाझरणाऱ्या रबरी नळ्या मापकापासून चहूबाजूंना पसरतात. वाऱ्याचे भोवरे लहान असतात, नळीच्या लांबीत त्यांची सरासरी होऊन ते दबतात. एक हर्ट्झची लाट ३४० मीटर लांब, तिला नळीचा फरक पडत नाही. मात्र नळीत पाणी किंवा राख साचली की सगळंच मुकं होतं.

दिशा कळण्यासाठी किमान तीन, सहसा चार किंवा अधिक मापक लागतात. पन्नास मीटर अंतरावरच्या दोन मापकांत लाट जास्तीत जास्त ०.१४७ सेकंदाच्या फरकानं पोचते. घड्याळं १० मिलिसेकंदांनी चुकली तर दिशा सुमारे ४ अंशांनी चुकते आणि चार किलोमीटरवरचं विवर पावणेतीनशे मीटर सरकल्यासारखं दिसतं. म्हणून प्रत्येक नोंदीला जीपीएसची वेळ हवीच.

आपल्याकडे जमिनीतून गूढ आवाज आले की ज्वालामुखीच्या अफवा फिरतात. सह्याद्रीचा बेसॉल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा खडक, ओतला गेला त्याला सुमारे ६.६ कोटी वर्षं झाली. भारतातला जागृत ज्वालामुखी दूर अंदमानात, बॅरन बेटावर आहे. अफवा पुढे ढकलण्याआधी एवढं तरी आठवावं.

व्हियारिकाचं हे गणित उद्रेकानंतर मांडलं गेलं. इटलीत एटनावर मात्र अवश्राव्य ध्वनीवर चालणारी स्वयंचलित इशारा यंत्रणा आहे; तिथल्या ५९ पैकी ५७ उद्रेकांची चाहूल तिला आधी लागली, साधारण तासभर. ज्या ज्वालामुखीचं तोंड थिजलेल्या खडकानं बंद आहे तिथे हा उपाय चालत नाही. तिथे घुमायला पोकळीच नसते, आणि पहिला आवाज येतो तो बूच उडाल्याचाच.