वय वाढतं तशी कृतज्ञता का वाढते?

उतारवयात गुडघे दुखतात, बरोबरीची माणसं एकेक करून निघून जातात. तरी कुणी पाच मिनिटं शेजारी बसून विचारपूस केली, तर आजोबांना त्याचं जे अप्रूप वाटतं ते विशीतल्या नातवाला वाटत नाही. वेगवेगळ्या वयोगटांच्या अभ्यासांतही ज्येष्ठ मंडळी सरासरीने जास्त कृतज्ञ आढळली आहेत.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांच्या मते याचं मूळ नुसत्या वयात नसून उरलेल्या वेळाच्या जाणिवेत आहे. पुढे भरपूर आयुष्य दिसत असतं तेव्हा माणूस नव्या ओळखी, नवी माहिती यांच्यामागे धावतो. वेळ थोडा उरलाय असं वाटू लागलं, की जीव लावणारी माणसं महत्त्वाची होतात. १९९७ मध्ये हाँगकाँग ब्रिटनकडून चीनकडे जाणार होतं, एक काळ संपत आल्यासारखं वाटत होतं, तेव्हा तिथल्या तरुणांचाही कल जवळच्या माणसांकडे झुकलेला आढळला. वर्षभराने तो ओसरला होता. मला हा पुरावा फार मोलाचा वाटतो, कारण ज्येष्ठांची ही नजर तरुणांनाही येऊ शकते हे त्यातून दिसतं.

मग ही कृतज्ञता मुलांना शिकवायची कशी? ‘थँक्यू म्हण’ असं दटावून फक्त शब्द पाठ होतो. फ्रान्झिस्का बाउमगार्टन-ट्रामर यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ७ ते १५ वर्षांच्या स्विस मुलांना विचारलं होतं: तुझी सर्वांत मोठी इच्छा कोणती, आणि ती पूर्ण करणाऱ्यासाठी तू काय करशील? लहान मुलं स्वतःला आवडणारी वस्तू देऊ करायची. मोठ्या मुलांपैकी काही जण देणाऱ्याला काय हवं असेल, याचा विचार करायची. म्हणजे कृतज्ञता पिकते ती दुसऱ्याच्या मनात डोकावता येऊ लागल्यावर.

इथे घरातल्या वडीलधाऱ्यांची आठवण कामी येते. ‘आमच्या वेळी काहीच नव्हतं’ या सुरातली नव्हे. त्याने मुलं कान बंद करतात. पण आजी सांगते, की तिची परीक्षेची फी एका शेजारणीने भरली, आणि नातू विचारतो, ‘तिच्याकडे खूप पैसे होते का गं?’ ‘नव्हते रे. तिने स्वतःचा खर्च मागे ठेवला.’ ‘मग का भरले?’ या छोट्याशा संवादात मदतीमागचा हेतू आणि देणाऱ्याला पडलेली झळ, दोन्ही मुलासमोर येतात. एखादी मदत मनात खोल उतरते त्यात या दोन गोष्टींचा मोठा वाटा असतो.

आणि मुलाने आजीचे आभार मानायचे तर? अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना कृतज्ञतेची पत्रं लिहायला लावली. वाचणाऱ्याला अवघडल्यासारखं होईल, असं लिहिणाऱ्यांना वाटलं होतं. प्रत्यक्षात वाचणारे त्यांच्या अंदाजापेक्षा कमी अवघडले आणि कितीतरी जास्त सुखावले.