धामण म्हशीचं दूध पीत नाही

पंचगंगेच्या काठच्या गावांत हे आजही छातीठोकपणे सांगितलं जातं: धामण म्हशीच्या पायांना विळखा घालते आणि सडाला तोंड लावून दूध पिते. हे साफ खोटं आहे, आणि त्यापायी बिनविषारी धामणी काठीखाली मरतात याचं फार वाईट वाटतं.

सापाला दूध ओढून घ्यायला मांसल ओठ नसतात. त्याचे दात अणकुचीदार, मागे वळलेले; सडात ते रुतले तर कोणती म्हैस गप्प उभी राहील? शिवाय धामण विळखा घालून शिकार करणारा साप नाही. तिचं खाणं म्हणजे उंदीर, बेडूक, सरडे, पाखरं. ओढ्याकाठचं रान, पाणथळ जागा आणि लगतचा ऊस हे तिचं घर. पेंड-वैरणीवर जमलेल्या उंदरांमागे ती गोठ्यात शिरते. दोन मीटरहून लांब धामण म्हशीच्या पायाशी दिसली, की गोष्ट तयार!

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तिला मारणं गुन्हा आहे. दूध अचानक आटलं, त्यात गाठी किंवा रक्त दिसलं, तर धामणीला दोष न देता कासदाहाची, म्हणजे कासेच्या सुजेच्या आजाराची, शंका घ्या आणि जनावरांच्या डॉक्टरांना लगेच बोलवा.