आतड्यात बंद हवं, डोळ्यात उघडं

पावसाळ्यात पंचगंगा फुगली की कोल्हापुरात पाणी उकळून पिण्याच्या सूचना सुरू होतात. मेडिकलच्या काउंटरवर एकजण जुलाबाची गोळी मागतो. त्याच्या शेजारी हुपरीचा चांदी कारागीर उभा असतो, दिवसभर बारीक काम करून डोळ्यांत वाळू खुपतेय म्हणणारा. दोघांची औषधं वेगळ्या कप्प्यांत असतात, पण दोघांच्या दुखण्याचा धागा एकाच प्रथिनापाशी पोहोचू शकतो: सीएफटीआर.

हे पेशीच्या आवरणातलं दार. ते उघडलं की क्लोराइड बाहेर पडतं, मागोमाग सोडियम जातं, दोन्ही मिळून झालं मीठ आणि मीठ जाईल तिकडे पाणी जातं. आतडं आणि डोळा ओला ठेवायला ते हवंच. कॉलऱ्याचं विष मात्र आतड्यातलं हे दार उघडंच ठेवतं, मग तासाला लिटरभर पाणीसुद्धा जाऊ शकतं. कॉलऱ्याचा जंतू असं विष तयार करतो, हे कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी 1959 मध्ये दाखवलं.

गंमत म्हणजे ओआरएस या दाराला हातही लावत नाही. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं आत घेणारं दुसरं प्रथिन आहे आणि जुलाबातही ते काम करत राहतं. म्हणून लिटरभर पाण्यात 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 2.6 ग्रॅम मीठ, शिवाय थोडं पोटॅशियम आणि सायट्रेट. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी अशाच साध्या द्रावणानं कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले. प्रमाण महत्त्वाचं: साखर जास्त झाली तर उलट आतड्यातच पाणी ओढलं जातं. त्यामुळे जुलाबात उसाचा रस नको. आमच्या जिल्ह्यात हे सांगणं जरा अवघडच!

जुलाबावर घेतली जाणारी लोपेरामाइडची गोळीही दार बंद करत नाही, ती फक्त आतड्याची हालचाल मंदावते. शौचात रक्त असेल, ताप असेल किंवा रुग्ण लहान मूल असेल, तर ती स्वतःच्या मनानं देऊ नये. मुलांना ओआरएससोबत झिंक देतात. खरोखर दार अडवणारं औषध म्हणजे क्रोफेलेमर, दक्षिण अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाल चिकातून काढलेलं. अमेरिकेत 2012 मध्ये त्याला मान्यता मिळाली, तीही एचआयव्ही रुग्णांच्या जंतुसंसर्ग नसलेल्या जुलाबापुरती.

डोळ्यात नेमकं उलटं करायचं. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ॲलन व्हर्कमन यांच्या प्रयोगशाळेनं कॉलऱ्यासाठी सीएफटीआर बंद करणारी रसायनं शोधली आणि कोरड्या डोळ्यांसाठी तेच उघडणारीही. उघडणाऱ्या रसायनानं उंदरांच्या डोळ्यांत पाणी वाढलं. जपानमध्ये 2010 पासून मान्य असलेले डायक्वाफोसोलचे थेंब वेगळ्या वाटेनं क्लोराइड आणि पाणी बाहेर आणतात.

तरी कारागिराला आधी पापण्या तपासून घ्यायला सांगावं. पुष्कळदा पाणी कमी नसतं, पापणीच्या कडेच्या तेलग्रंथी तुंबलेल्या असतात, त्यामुळे अश्रू लवकर उडून जातात. बारीक कामात किंवा मोबाइलवर नजर खिळली की पापण्याही कमी मिटतात. तिथे कोमट पाण्याच्या घडीचा शेक उपयोगी पडतो, जोडीला कृत्रिम अश्रूंचे थेंब. शेजाऱ्याचे उरलेले स्टेरॉइडचे थेंब मात्र नकोत, त्यांनी डोळ्यातला दाब वाढू शकतो.