अळ्यांच्या पोटातलं विष शोधायची आयडिया आली कुठून?

माणूस मेला तेव्हा त्याच्या अंगात कुठलं औषध, कुठलं विष होतं हे बघायला रक्त, लघवी नाहीतर व्हिसेरा (शरीराच्या आतले अवयव) लागतो. पण बॉडी सापडेपर्यंत नुसता सांगाडाच उरला असेल तर लॅबला पाठवायचं काय? १९८० मध्ये अमेरिकेतली एक केस छापून आली, २२ वर्षांची मुलगी, बेपत्ता होऊन दोन आठवडे झालेले, तपासण्यासारखं मांस राहिलंच नव्हतं, मग बॉडीवरच्या अळ्याच घेतल्या आणि त्यात निघालं फेनोबार्बिटल, म्हणजे फिट्सवर देतात ते. किळसवाणं आहे, पण डोकं भारीच.

तशी सुरुवात थोडी आधीची, फिनलंडमधली. पेक्का नुओर्टेवा हा कीटकतज्ज्ञ माशा-अळ्यांमधला पारा मोजायचा. एका अनोळखी बाईच्या बॉडीवरच्या अळ्यांत पारा कमी निघाला, त्यावरून ती कमी प्रदूषणाच्या भागातली असणार असा अंदाज त्याने बांधला. पुढे १९८० च्या दशकातच हवाईत अळ्यांमध्ये मॅलॅथिऑन सापडलं, हो, आपल्याकडे पिकावर मारतात तेच.

खरी गंमत मात्र पुढे झाली. अळी किती वाढलीय त्यावरून मृत्यूला किती दिवस झाले हे काढायची पद्धत जुनीच, पण अळी जे मांस खाते त्यातच ड्रग असलं तर? हवाईतला कीटकतज्ज्ञ ली गॉफ आणि मंडळींनी सशांना कोकेन देऊन त्यांच्या लिव्हरवर अळ्या वाढवल्या, तर त्या भराभर मोठ्या झाल्या. त्याच सुमारास वॉशिंग्टन राज्यात स्पोकेनजवळ जंगलात एका तरुणीचा खून झालेला, बहुतेक अळ्या साधारण आठवडाभराच्या दिसत होत्या आणि त्यांच्यातच एक १७.७ मिलिमीटरची, म्हणजे तिच्या हिशोबाने तीन आठवडे! मग लक्षात आलं की मुलगी कोकेन नाकाने ओढायची आणि ही अळी नाकाच्या भागात वाढलेली असणार.

१९९४ मध्ये तर एका सुकलेल्या मृतदेहाजवळच्या माशांच्या रिकाम्या कोषांतून डिप्रेशनचं औषध, अमिट्रिप्टिलिन, शोधून काढलं.

एक घोळ मात्र अजून आहेच. ड्रग होतं एवढं अळी सांगते, पण किती होतं ते विचारू नका, कारण अळी खाता खाता ते बाहेरही टाकते आणि खाणं थांबलं की प्रमाण झपाट्याने उतरतं. २००४ मध्ये फ्रान्समधल्या टॉक्सिकॉलॉजीवाल्यांनी तर खऱ्या केसेस तपासून स्पष्टच म्हटलं की अळीतल्या आकड्यावरून डोस काढायच्या भानगडीत पडू नये.