खुलासा: दोष लिथियम नायोबेटचा नव्हता

‘लिथियम नायोबेट या स्फटिकाच्या मॉड्युलेटरला (विद्युत संकेत प्रकाशावर चढवणाऱ्या उपकरणाला) जास्त व्होल्टेज लागतं, कारण तो पदार्थच कमकुवत’ हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तो चुकीचा आहे. जुन्या रचनेत प्रकाश तरंगमार्गात, म्हणजे त्याला वाहून नेणाऱ्या वाटेत, सैल पसरायचा. व्होल्टेज देणारे धातूचे इलेक्ट्रोड जवळ आणले तर धातू प्रकाश शोषून घ्यायचा, म्हणून ते दूर ठेवावे लागत आणि विद्युतक्षेत्र क्षीण पडे. नव्या रचनेत याच पदार्थाच्या एक मायक्रोमीटरहून पातळ थरात प्रकाश घट्ट कोंडला जातो आणि इलेक्ट्रोड जवळ सरकवता येतात. पदार्थ तोच! तरीही प्रकाशाची कला (फेज, म्हणजे लहरीची स्थिती) अर्ध्या तरंगाने सरकवणारं व्होल्टेज गुणिले लांबी हा आकडा 10 व्होल्ट-सेंटिमीटरच्या वरून साधारण 2 वर आला. व्होल्टेज निम्मं झालं आणि धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) तीच राहिली, तर दर बिटमागे ऊर्जा चौथाईच लागते.